बाकड्यावरची बसकरं

मंडळी, ह्या वेळचा शनिवारचा लेख कोडिंगवर नाही, पुस्तकावर नाही आणि ट्रेकवर तर नाहीच नाही. ह्या वेळी शिवणकाम! एप्रिलमध्ये दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन हिंगोलीला आईकडे होते. आठवडाभर लॅपटॉप, आणि दोन्ही वीकेंडना आई, मी आणि तिचं जुनं उषा मशीन. त्यातून बागेतल्या बाकड्यासाठी तीन बसकरं तयार झाली. शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी: बसकर म्हणजे बसायला टाकायचं छोटं जाड आसन. पुण्यातल्या दुकानात ह्यालाच सीट कुशन म्हणतात आणि तिप्पट पैसे घेतात. :)

आता तुम्ही म्हणाल, तीन उशा शिवल्या, त्यात लेख लिहिण्यासारखं काय आहे? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण बाकड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय उशांची सांगता येणार नाही.

आमचं घर हिंगोलीच्या जुन्या पेठेत नाही, नंतर पडलेल्या प्लॉटांमध्ये आहे. समोर लहानशी बाग. बाग म्हणजे काय, एक कडुनिंब, एक जास्वंद, मोगऱ्याचे दोन वाफे, कढीपत्ता आणि कुंपणावर चढलेला गुळवेल. कडुनिंबाखाली सिमेंटचं बाकडं. हे बाकडं बाबांनी 1999 च्या मे महिन्यात करून घेतलं. 1 मे 1999 ला हिंगोली परभणीतून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली आणि त्याच महिन्यात आमच्याकडे गवंडी आला, म्हणून घरात त्याचं नावच पडलं 'जिल्ह्याचं बाकडं'. पाच फूट लांब, पंधरा इंच रुंद, पाठ नाही. बाबा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. सकाळचा पेपर, चारचा चहा, संध्याकाळची मित्रमंडळी, सगळं ह्याच बाकड्यावर. 2022 मध्ये बाबा गेले.

त्यानंतर बाकडं हळूहळू ओट्यासारखं वापरात आलं. कुंड्या, पापड वाळवायचं प्लॅस्टिक, धुऊन उलटी घातलेली पातेली. कोणी मुद्दाम केलं नाही. रिकामी जागा दिसली की घरातल्या वस्तू आपोआप तिथे जाऊन बसतात.

एप्रिलमधल्या पहिल्याच शनिवारी मी पातेली उचलली, चहाचे दोन कप घेतले आणि आईला हाक मारली. आई आली आणि पायरीवर बसली.

"आई, इकडे ये ना."

"बरी आहे मी इथंच."

"तू ह्या बाकड्यावर शेवटची कधी बसली होतीस गं?"

आई जरा थांबली. मग म्हणाली, "मी कामून बसू तिथं? तुझे बाबा बसायचे ना."

म्हणजे कधीच नाही. तेवीस वर्षं बाबा होते तेव्हाची, आणि ते गेल्यानंतरचीही. मी ज्या घरात लहानाची मोठी झाले त्या घरात हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्याला काही नाव द्यावं असं कोणालाच कधी वाटलं नव्हतं. बाबांनी तिला कधी अडवलं नाही. उलट ते म्हणाले असते, "बस की, कोण नको म्हणतंय!" आणि खरंच, कोणीच नको म्हणत नव्हतं. पण बाकड्याचं तोंड फाटकाकडे. येणाराजाणारा बघणार, "काय सर, निवांत?" म्हणणार. सर निवांत असू शकतात. सरांच्या बायकोनं भर चार वाजता रस्त्याकडे तोंड करून निवांत बसायचं, हे आमच्याकडच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. तिची जागा मागच्या दारची पायरी. तिथे शेजारच्या काकू यायच्या, शेंगा फोडत गप्पा व्हायच्या, आणि फाटक वाजलं की आई पदर सावरून चहा टाकायला आत.

आपल्या भाषेतच बघा ना. गादी म्हटलं की राजाची गादी, महाराजांची गादी, सावकाराच्या पेढीवरची गादी. गादीवर 'तो' बसतो. बैठकीत लोड-तक्के कोणासाठी असतात हे सांगायला नको. आणि बाईच्या बाबतीत 'बसणं' हे क्रियापदच आरोपासारखं येतं. 'नुसती बसून असते', 'बसून खाते'. ह्यातली गंमत अशी की बसायच्या ह्या सगळ्या वस्तू बाईच्याच हातून गेलेल्या असतात. गादी भरून देणारा पिंजारी पुरुष असला तरी खोळी शिवणं, त्या उसवून धुणं, पुन्हा टाचणं घरातल्या बाईकडे. माझी आजी म्हणजे बाबांची आई, तिनं किती वाकळी शिवल्या त्याची मोजदाद नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून मधोमध येत जाणारा धावदोरा. एका वाकळीला पूर्ण उन्हाळा. सगळे त्यांवर झोपायचे, आलेला पाहुणा त्यांवर बसायचा. आजी स्वतः बहुतेक वेळा पोत्यावर.

असो. तर चहा संपता संपता मी म्हटलं, "बसकरं शिवू या का बाकड्याला?" एक सरळ व्यवहारी कारण होतंच. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आठपर्यंत सोडत राहतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे जातो, त्यामुळे संध्याकाळी बाकड्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. आणि डिसेंबरात तेच बाकडं बर्फाची लादी. बाबा पेपरची घडी घालून तीवर बसायचे!

दादानं मागे एकदा ऑनलाइन उशांचा सेट पाठवला होता. मऊ, चकचकीत, त्यावर फ्लेमिंगो. आईनं तो प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवला, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले तेव्हा तो खराब होऊ नये म्हणून बाहेर निघाला नाही. ह्यावर मी काही बोलत नाही, तुमच्याही घरी असं एक कपाट असणार. पण घरी शिवलेल्या वस्तूचं तसं नसतं. फाटली तर पुन्हा शिवता येते, म्हणून ती वापरता येते.

"शिवू या का" म्हटल्याबरोबर आईच्या डोळ्यांत एकदम लक्ष आलं. तिनं आतून टेप आणला आणि मला दुसरं टोक धरायला लावलं.

आता जरा हिशेब, कारण आयटीवाल्यांना त्याशिवाय चैन पडत नाही. बाकडं 60 इंच बाय 15. एकच लांब गादी केली तर धुवायला जड आणि उचलायला बोजड. म्हणून तीन बसकरं, प्रत्येकी 20 बाय 15 आणि जाडी 2 इंच. शिवणीला चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच, म्हणून कापायचं 21 बाय 16. वरचा तुकडा, खालचा तुकडा, असे तीन बसकरांचे सहा. 44 इंच पन्ह्याच्या कापडात 21 इंचांचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, म्हणजे तीन ओळी, 48 इंच. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून दीड मीटर घ्यायचं, आधी भिजवून वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. जाडीसाठी भोवतीनं तीन इंचांची पट्टी लागते, प्रत्येकी 71 इंच. हे सगळं मी वहीवर मांडेपर्यंत आईनं वितीनं मोजून सांगितलं होतं, "दीड मीटर लागंल बघ."

कापडाच्या रंगावर मात्र चर्चासत्र झालं. शेजारच्या काकूंचं म्हणणं, पिवळं पाहिजे, बागेत उठून दिसतं. मला लगेच कल्पना सुचली: हळद! आमचा जिल्हा म्हणजे हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एप्रिलमध्ये हळद शिजवून वाळत घातलेली असते, बाजारात पोत्यांच्या थप्प्या, हवेतसुद्धा तो वास. घरच्या हळदीत कापड रंगवलं तर काय झकास दिसेल, पुण्याच्या बुटीकवाल्यांनी नॅचरल डाय म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. आई आणि काकू दोघी हसायला लागल्या.

"अगं, पोराच्या झबल्याला हळदीचा डाग पडला तर आपण काय करतो?"

"उन्हात टाकतो."

"मग?"

बरोबर आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनचा, तो प्रकाशात टिकत नाही, उन्हानं त्याचा रेणूच मोडतो. साबणानं न गेलेला डाग दोन दिवसांच्या उन्हात फिका पडतो तो ह्यामुळेच. म्हणजे ज्या जिल्ह्यात हळदीचे डोंगर लागतात तिथे बागेतलं बसकर हळदीनं रंगवायचं नाही! रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता दोघींना हे ठाऊक होतं.

शेवटी बाजारातून जाड सुती निळी-पांढरी चौकडी आणली. चौकडीचा एक फायदा असा की कापताना रेघ आखावी लागत नाही, चौकटी मोजत जायचं. आणि रंगाची हौस काठानं भागवली. आजीचं एक नऊवारी लुगडं ट्रंकेत होतं, अंग विरलेलं, पण लाल काठ अजून शाबूत. काठाची रुंदी मोजली तर बरोबर तीन इंच. तीन बसकरांच्या पट्ट्यांना मिळून 213 इंच, म्हणजे साधारण साडेपाच मीटर लागणार. नऊवारीचा एक काठ आठ मीटरच्या वर भरतो. हवा होता तेवढा निघाला आणि बांधायच्या नाड्यांसाठीही उरला.

ह्यानंतरचा प्रश्न, आत काय भरायचं? मंडळी, इथे जरा रेंगाळते, कारण बाजारात उशी घेताना आपण हे कधी विचारत नाही.

फोम सगळ्यात सोपा. पण तो उन्हात पिवळा पडतो, वर्षा-दोन वर्षांत त्याचा भुगा व्हायला लागतो, आणि एकदा भिजला की स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. दुसरा पर्याय आपला नेहमीचा कापूस. आमच्या काळ्या मातीतला. आता शिवारात सोयाबीन आणि हळद जास्त दिसते, पण लहानपणी दिवाळीच्या पुढेमागे घराच्या एका खोलीत छतापर्यंत कापूस असायचा आणि आम्ही त्यात उड्या मारायचो. अडचण अशी की कापूस ओल ओढतो. नेहमीच्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. गादी दोन वर्षांत दगड होते ती ह्या ओलीनं आणि वरच्या दाबानं. मग ती उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, पुन्हा भरायचा. पूर्वी पिंजारी दारावर यायचे. धनुकलीच्या तातेवर कापूस उडवताना होणारा तो टंग-टंग आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो विसरता येत नाही. आता हे काम मशीनवर होतं.

तिसरा पर्याय आईनं सांगितला आणि तोच ठरला: सावरीचा कापूस. काटेसावर तुम्ही पाहिली असेल, फाल्गुनात पान नसलेल्या झाडावर लालभडक फुलं. त्याची बोंडं चैत्र-वैशाखात उकलतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. त्याचा धागा आखूड आणि गुळगुळीत, म्हणून सूत कातता येत नाही, पण उशीसाठी उत्तम. तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे वजनाला हलका आणि पाणी चटकन धरत नाही. ह्याच जातकुळीतल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, ज्याला कापोक म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात खलाशांच्या लाइफ जॅकेटमध्ये भरलेला असायचा. समुद्रात माणूस तरंगवणाऱ्या गोष्टीला आमच्या बागेतली दव काय करणार!

गावातल्या गादीवाल्या चाचांकडून दीड किलो आणला. एका बसकराला अर्धा किलो पुरतो. चाचांनी पिशवी देताना एकच सांगितलं, "ताई, पंखा बंद." एप्रिलमधल्या हिंगोलीत, दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून सावरीचा कापूस भरणं हा काय अनुभव आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही. हा कापूस इतका हलका की मी बोलले तरी उडायचा. आईच्या भुवया पांढऱ्या, माझे केस पांढरे, दोघी घामानं निथळतोय आणि हसताही येत नाही, कारण हसलं की अजून उडतो.

आतली खोळ गादीपाटाची, घट्ट विणीची, नाहीतर हा कापूस बाहेर डोकावतो. ती आईनं बाहेरच्या खोळीपेक्षा बोटभर मोठी कापली. आतली वस्तू बाहेरच्या वस्तूपेक्षा मोठी कशी, असं मी विचारलं. "मोठी असली तरच कोपरे भरतात. नाहीतर कोपरे लोंबतात, म्हाताऱ्या गालांसारखे." भरून झाल्यावर दाभणानं आरपार नऊ टाके, तीन ओळींत तीन तीन, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही.

आता मशीन. हे आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. ती माहेरी शिवणक्लासला जायची. आमचे दोघांचे शाळेचे गणवेश ह्याच मशीनवर झाले, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकीही. मशीनच्या टिपेबद्दल एक गोष्ट सांगते, माझ्यासारख्यांना आवडेल. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ते एका धाग्यानं. बरोबर टोक सापडलं की एक ओढ दिली आणि पूर्ण शिवण सर्र्‌कन उघडते. मोंढ्यातला हमाल हे डोळे मिटून करतो. शिवणयंत्राची टीप वेगळी. तिच्यात वरून सुईचा धागा येतो, खालून बॉबिनचा, आणि कापडाच्या पोटात दोघांची गाठभेट होते. एक जागी तुटली तरी बाकीची जागच्या जागी राहते. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सगळी किमया तिथे आहे. टोकाशी नेढं आणि दोन धाग्यांची टीप ह्यांचं अमेरिकन पेटंट एलियास हाव ह्यानं 1846 मध्ये घेतलं, आयझॅक सिंगरचं यंत्र 1851 चं. मग दोघांत आणि इतर कंपन्यांत इतके खटले झाले की 1856 मध्ये सगळ्यांनी आपापली पेटंटं एकत्र करून तह केला. मोबाइल कंपन्यांची पेटंट भांडणं वाचताना आपल्याला वाटतं हे सगळं आत्ताचं आहे!

आणि यंत्रांच्या विरोधात म्हणून ज्यांची ओळख त्या गांधीजींनी 1924 मध्ये बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला खास अपवाद केला होता. त्यांच्या सांगण्यात असं होतं की सिंगरनं बायकोला हातानं टाके घालून थकताना पाहिलं आणि प्रेमापोटी यंत्र बनवलं. सिंगरची चरित्रं वेगळंच सांगतात. गृहस्थानं एकाच वेळी अनेक संसार मांडलेले होते, प्रेमाचा तुटवडा नव्हता एवढं खरं. :) पण यंत्रानं बाईचे कष्ट वाचवले हे गांधीजींचं निरीक्षण मला पटतं. फक्त वाचलेल्या वेळाचं पुढे काय झालं? आईच्या बाबतीत सांगते: वाचलेल्या वेळात तिनं आणखी कपडे शिवले.

शिवताना आई गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "आपण नामदेवाच्या गावचे लोक, आपल्याला शिवणकाम यायचंच." नरसी हिंगोलीपासून जवळच. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म तिथला, साल 1270. घराणं शिंप्याचं. त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई-धागा असं शिंप्याचं सामान येतं, आणि त्यांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्याच घरात जनाबाई वाढली, गंगाखेडहून आलेली. तिच्या अभंगांतला विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचायला जातो. लहानपणी मला त्यात फक्त गोडवा दिसायचा. ह्या वेळी मशीनच्या आवाजात वेगळंच मनात आलं. जनाबाईला देवाला भेटायला काम बाजूला ठेवून बसता येत नव्हतं, म्हणून देवाला तिच्या कामात यावं लागलं.

दुसऱ्या रविवारी तिन्ही बसकरं तयार झाली. खालच्या बाजूला नाड्या, बाकड्याच्या कडेखालून घेऊन बांधायच्या. निळी-पांढरी चौकडी आणि भोवतीनं आजीच्या लुगड्याचा लाल काठ. कडुनिंबाखाली अशी काही दिसत होती की रस्त्यानं जाणाऱ्या शाळेच्या पोरी थांबून बघून गेल्या. आईनं तिन्हींवरून हात फिरवला, एका कोपऱ्यातला धागा दातानं तोडला आणि... आत निघून गेली! "भाजी निवडायची राहिली आहे."

मी काही बोलले नाही. मी एका टोकाच्या बसकरावर बसले आणि फोन बघत राहिले. पाच मिनिटांनी आई बाहेर आली. हातात ताट, ताटात मेथीची जुडी. पायरीपाशी क्षणभर थांबली. मग आली आणि दुसऱ्या टोकाच्या बसकरावर बसली. मांडीवर ताट. काम बरोबर आणलं होतं, म्हणजे कोणी 'नुसती बसली आहे' म्हणायला नको. मला जनाबाई आठवली, पण हे मी आईला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं बाई, आज पुढं?" आणि येऊन मधल्या बसकरावर बसल्या. मेथीचे दोन वाटे झाले. बसकर किती मऊ आहे ह्याची परीक्षा झाली, काठ कुणाचा ते ओळखून झालं, आजीच्या आठवणी निघाल्या.

आणि मग फाटक वाजलं. बाबांचे जुने मित्र, तेही रिटायर्ड मास्तर, अधूनमधून चौकशीला येतात. माणूस अगदी सज्जन. ते सवयीनं बाकड्याकडे वळले आणि तिथे दोघी बघून थबकले. काकू अर्ध्या उठल्या. मी आईकडे बघत होते. तेवीस वर्षांत ह्या क्षणी काय व्हायचं ते मला पाठ होतं: पदर, उठणं, आत, चहा.

आई म्हणाली, "या भाऊजी. बाई, भाऊजींना खुर्ची आण गं आतून. आणि चहा टाक."

मी खुर्ची आणली. काका बसले. म्हणाले, "वहिनी, छान झालंय हो हे. घरी केलं?" आई म्हणाली, "व्हय, घरीच." आणि मेथी निवडत राहिली. काकू परत नीट बसल्या. मी चहा टाकायला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिघांचा आवाज येत होता. पावसाचं बोलणं चाललं होतं, आणि बोलण्यात आईचा आवाज जास्त होता.

बस, एवढंच झालं. क्रांती वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी आई ताटाशिवाय बसली असंही नाही, ताट होतंच. ह्या वेळी शेंगा होत्या.

कुणाला करायची असतील तर काही टिपा देऊन ठेवते. कापड आधी धुऊन घ्या. जाड कापडाला 16 नंबरची सुई लावा, नाहीतर सुई मोडते. बाहेरच्या खोळीची एक बाजू उघडी ठेवून तिला चेन किंवा बटणं लावा, म्हणजे खोळ काढून धुता येते. रात्री बसकरं आत आणा, दव आणि मांजरं दोन्हींपासून वाचतात. पावसाळ्यात तर बाहेर ठेवूच नका. सावरीला पाणी चटकन लागत नाही, पण सुती खोळ भिजते आणि तिला बुरशी येते. पंधरा दिवसांतून एकदा आतली गादी अर्धा तास उन्हात उलटीसुलटी करा. आणि भरताना पंखा बंद!

काल रात्री आईचा फोन होता. जूनमध्ये बसकरं आत आल्यावर ती बैठकीत टाकायची की कपाटात ठेवायची, ह्यावर तिचं आणि काकूंचं बोलणं चालू आहे. काकूंना स्वतःच्या ओट्यासाठी दोन हवी आहेत, माप घेऊन झालंय. आईला अजून एक लांबट उशी करायची आहे, पाठीला टेकायला, कडुनिंबाच्या खोडाला बांधून. त्यासाठी पुण्याहून कापड आणायचं आहे. "चौकडीच आण," म्हणाली, "पण ह्या वेळी हिरवी. आणि जाड बघून आण, रोज बसायचं असतंय."

तर पुढच्या शनिवारी मी लक्ष्मी रोडवर. कोणाला जाड सुती हिरव्या चौकडीचं चांगलं दुकान माहीत असेल तर जरूर कळवा.